परराज्यातलं सवलतीचं कॉलेज: होकार कळवण्याआधी

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठाचं पत्र येतं: 'सवलतीमुळे वर्षाला १८ हजार डॉलर वाचतील.' ही बचत परराज्यातल्या मुलांच्या पूर्ण फीशी तुलना करून काढलेली असते, आणि ती फी तुम्ही बहुधा भरणारच नव्हता. तुलना करायची ती आपल्या राज्यातल्या विद्यापीठाशी.

आधी सवलत कुठल्या योजनेतली आहे ते बघा. पश्चिमेकडच्या राज्यांच्या 'वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज'मध्ये स्थानिक फीच्या, म्हणजे त्या राज्यातल्या रहिवाशांच्या फीच्या, जास्तीत जास्त दीडपट फी लागते. दक्षिणेतल्या 'अकॅडेमिक कॉमन मार्केट'मध्ये स्थानिक फीच लागते, पण तो विषय तुमच्या राज्यात उपलब्ध नसेल तरच, आणि तसं प्रमाणपत्र आपल्या राज्याकडून घ्यावं लागतं. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांपैकी कशातच नाहीत. तिथल्या मुलांना त्या-त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीवरच भिस्त ठेवावी लागते. आणि राज्य योजनेत असलं म्हणजे प्रत्येक विद्यापीठ असतंच असं नाही: बर्कली, यूसीएलए आणि सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ पश्चिमेच्या योजनेत नाहीत.

आता आकडे मांडू. समजा, तिथली स्थानिक ट्यूशन (शिक्षणाची फी) वर्षाला १२ हजार डॉलर. दीडपटीने १८ हजार. राहणं-जेवण १६ हजार, विमानप्रवास आणि सामानाची ने-आण अडीच हजार. एकूण ३६,५००. आपल्या राज्यात ट्यूशन १५ हजार, राहणं-जेवण तेवढंच, प्रवास ५००: ३१,५००. म्हणजे 'सवलतीचं' कॉलेज चार वर्षांत २० हजारांनी महाग पडलं. त्यात राज्याची मदत गमावली तर फरक आणखी वाढतो. कॅलिफोर्नियाची कॅल ग्रँट राज्याबाहेर चालत नाही. ५२९ खात्यातले, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचतखात्यातले, पैसे मात्र कुठल्याही राज्यात वापरता येतात. दीडपटीचा आणखी एक परिणाम लोक विसरतात: स्थानिक ट्यूशन ६०० डॉलरने वाढली की तुमची ९०० ने वाढते.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो अटींमध्ये. पुष्कळ ठिकाणी नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगसारखे मागणीचे विषय सवलतीतून वगळलेले असतात. मुलीने दुसऱ्या वर्षी मेजर (मुख्य विषय) बदलून त्यातलं काही घेतलं की सवलत गेली. गुण ठरावीक मर्यादेखाली घसरले किंवा सेमिस्टरला १२ क्रेडिटपेक्षा कमी घेतले तरी तेच. उन्हाळी वर्ग आणि पाचवं वर्ष सहसा धरलेलं नसतं. वरच्या उदाहरणात १८ हजारांची सवलत गेली की पाचव्या वर्षाची नुसती ट्यूशन १८ ऐवजी ३६ हजार होते. 'एक वर्ष राहिलो की तिथले रहिवासी होऊ' हा बेतही फसतो, कारण सवलतीवर काढलेला काळ रहिवासासाठी सहसा मोजत नाहीत.

एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे पालकांच्या एच-१बी नोकरी-व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांनी जास्त जपायला हवं. फेडरल मदत त्यांना मिळत नाही, आणि २१ व्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे पदवीच्या मधेच. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेल्यावर सवलत राहील का, हे आत्ताच विचारा.

एवढं सगळं बघूनही परराज्य योग्य ठरू शकतं. हवा तो विषय आपल्याकडे नसेल किंवा आपल्याकडे त्याला प्रवेशच मिळाला नसेल, तर वर्षाला चार-पाच हजार जास्त मोजणं आम्हाला वावगं वाटत नाही. फक्त फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करून चार गोष्टींची लेखी उत्तरं घ्या: सवलत किती सेमिस्टर, किती जीपीएवर (गुणांच्या सरासरीवर), मेजर बदलल्यास काय, आणि दुसऱ्या शिष्यवृत्तीसोबत चालते का. होकारासोबत भरायच्या डिपॉझिटची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते. ईमेल एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात जायला हवी.