पिनकोड फोडून बघा: दादर वेस्ट विरुद्ध दादर ईस्ट

मोठ्या संख्येचे गुणधर्म काढायचे म्हटलं की लोक उगाच घाबरतात. वीस आकडी संख्या पाहिजे कशाला, आपला पिनकोड घ्या ना आणि मूळ अवयवांत फोडा, मुंबईचे सगळे ४०० ने सुरू होतात, पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर बास झालं.

दादर वेस्टचा ४०००२८ घेऊ. आधी जातोय तोवर २ ने भागा. दोनदा जातो, उरले १००००७. अंकांची बेरीज ८ म्हणून ३ बाद, शेवटी ७ म्हणून ५ पण बाद. पुढे मात्र ७, ११, १३ असं एकेका मूळ संख्येने भागत बसायचं, पण फक्त वर्गमूळापर्यंत, म्हणजे इथे ३१६, कारण त्याहून मोठा अवयव असेल तर त्याचा जोडीदार त्याहून लहान असणार आणि तो आधीच सापडला असता. हा गडी बराच वेळ दाद देत नाही, ८९ झाले तरी बाकी उरतेच, आणि मग ९७ ने, म्हणजे शंभराच्या आतल्या शेवटच्या मूळ संख्येने, एकदम निःशेष भाग जातो. उत्तर १०३१. आता हा परत पहिल्यापासून तपासू नका प्लीज. त्याचं वर्गमूळ ३३ च्या आत आहे, आणि तिथपर्यंतची एकही संख्या १००००७ ला लागली नाही तर त्याच्या अवयवाला कुठून लागणार? म्हणजे १०३१ मूळच.

४०००२८ = २² × ९७ × १०३१. विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ३ × २ × २ = १२.

ईस्टचा ४०००१४ सोपा, अंकांची बेरीज ९ म्हणून ९ ने लगेच जातो: २ × ३² × ७१ × ३१३. विभाजक २४, वेस्टच्या बरोब्बर डबल!

खरी मजा विभाजकांच्या बेरजेत आहे. प्रत्येक मूळ अवयवाचे १ पासूनचे घात मिळवायचे, त्या बेरजा गुणायच्या, आणि संख्या स्वतःचीही विभाजक असते म्हणून शेवटी ती वजा करायची. वेस्टसाठी (१+२+४) × (१+९७) × (१+१०३१) = ७०७९५२, त्यातून ४०००२८ वजा केले की ३०७९२४, संख्येपेक्षा कमीच. ईस्टला ३ × १३ × ७२ × ३१४ = ८८१७१२, वजा केल्यावर ४८१६९८, संख्येपेक्षा जास्त, म्हणजे गणिताच्या भाषेत ‘विपुल’ संख्या. मार्केट सगळं वेस्टला आणि श्रीमंती ईस्टला, काय बोलणार.

अजून एक टेस्ट, हर्षद संख्या, आपल्या डहाणूत जन्मलेल्या आणि देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग गेला तर हर्षद. ईस्ट पास, वेस्टची बेरीज १४ आणि भागल्यावर बाकी ६, नापास.

फोर्टचा ४००००१ मात्र लोकलमध्ये उभ्याने करायला घेऊ नका. ७ ने झटकन जातो, पण उरलेला ५७१४३ मूळ आहे आणि ते पक्कं करायला पार २३९ पर्यंत जावं लागतं, २३९ चा वर्ग ५७१२१, म्हणजे अगदी काठावर.