शालेय बास्केटबॉल सामना: पंच आणि टेबलची तयारी

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे सामने एकाच मैदानावर ओळीने होतात. म्हणून आधी टेबलची माणसं पक्की करा: गुणलेखक, सहायक, वेळाधिकारी आणि शॉट क्लॉक (बास्केटकडे चेंडू फेकण्यासाठी संघाला मिळणारा वेळ दाखवणारं घड्याळ) असेल तर त्यासाठी चौथा. दिवसभर सामने असतील तर पंचांच्या तीन जोड्या ठेवा. एक मैदानात, एक टेबलावर, एक विश्रांतीला. अनुभवी पंच मुलांना आणि नवशिके मुलींना, अशी वाटणी कृपया करू नका. तो मुलींवर सरळ अन्याय आहे.

चेंडू दोन प्रकारचे लागतात: मुलांना ७ नंबर (५८० ते ६२० ग्रॅम), मुलींना ६ नंबर (५१० ते ५५०). १४ वर्षांखालील गटाचा चेंडू आणि क्वार्टरची (सामन्याच्या चारपैकी एका भागाची) मिनिटं स्पर्धेच्या परिपत्रकात पाहून टेबलावर चिकटवा. सामना बदलला तरी आधीचाच चेंडू मैदानात राहतो, त्यामुळे जंप बॉलआधी (पंच चेंडू वर उडवून सामना सुरू करतो, त्याआधी) मुख्य पंचाने त्यावरचा नंबर स्वतः वाचावा.

टेबलावर लाल आणि निळं पेन (पहिला-तिसरा क्वार्टर लाल, दुसरा-चौथा निळा), खेळाडूचा कितवा फाउल ते दाखवणाऱ्या १ ते ५ च्या पाट्या, टीम फाउलचे (संघाचे क्वार्टरमधले फाउल भरल्याचं दाखवणारे) दोन लाल मार्कर, पझेशनचा बाण (चेंडूवर दोघांचा सारखाच हक्क झाला तर तो कोणत्या संघाला द्यायचा ते दाखवणारा; पुठ्ठ्याचाही चालतो) आणि दोन स्टॉपवॉच, दुसरं टाइमआउटसाठी. पावसाळ्यात मैदान उघडं असेल तर वायपर आणि कोरडी फडकी रिंगखालीच ठेवा.

संघाची यादी ४० मिनिटं आधी घ्या. १० मिनिटं आधी प्रशिक्षक पहिले पाच खेळाडू दाखवून सही करतात. त्याच वेळी यादीतले नंबर अंगावरच्या जर्सीशी जुळवा. जर्सी आयत्या वेळी बदललेली असते आणि मग फाउल भलत्याच मुलीच्या नावावर चढतो. पंचांनी २० मिनिटं आधी मैदानात येऊन बांगड्या, कानातली, टोकदार पिना, वाढलेली नखं पाहावीत. मुलींच्या सामन्यात हे काम महिला पंचाकडे द्या.

सर्वांत जास्त वाद बाणावरून होतात. बाणामुळे मिळालेला थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं) पूर्ण झाल्यावरच बाण फिरवा, पंचाने चेंडू हातात दिला म्हणून नाही. मध्यंतरात संघ बाजू बदलतात, तेव्हाही तो उलटा करायचा असतो, आणि नेमका तेव्हाच विसरला जातो. बास्केट झाली की सहायकाने नंबर आणि गुण मोठ्याने सांगावेत, लेखकाने तेच म्हणत खूण करावी. दोघांनी एकदम खाली पाहू नये. गुणफलक आणि गुणलेखकाची शीट जुळत नसतील तर क्वार्टर संपण्याची वाट न पाहता, चेंडू थांबताच पंचाला बोलवा. मुख्य पंचाची सही सर्वांत शेवटी; त्यानंतर गुण दुरुस्त करता येत नाहीत.