‘नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही’ : घर-पैसा मागे ठेवताना या चुका टाळा

बारा वर्षं आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो. या काळात नऊ सभासद गेले आणि त्यातल्या सहा घरांतली माणसं फाइल काखेत मारून माझ्या दारात आली. वाक्य ठरलेलं : “काका, नॉमिनी लावलाय ना, मग अडतंय कुठे?” या वाक्याचा मला उबग आलाय, म्हणून सुरुवात तिथूनच.

नॉमिनी मालक नसतो. गेलेल्या माणसाच्या वस्तू ताब्यात घेऊन खऱ्या वारसांना पोचवणारा तो राखणदार. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं, शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. विमा कायद्यात २०१५ मध्ये बदल झाला. आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच, एवढा अपवाद. फ्लॅटचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये कलम १५४ब-१३ आलं. त्यानुसार नॉमिनी हा ‘तात्पुरता सभासद’. संस्थेची बिलं त्याच्या नावाने येतील, पण फ्लॅट विकायचा हक्क त्यातून मिळत नाही.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी नॉमिनेशनचा फॉर्म भरला तेव्हा थोरला जवळ राहत होता, म्हणून त्याचं नाव घातलं. धाकटा परदेशात, मुलगी सांगलीला. मृत्युपत्र नाही. काका गेल्यावर तीन महिन्यांत थोरल्याने गिऱ्हाईक आणलं, पाच लाख बयाणा घेतला आणि माझ्याकडे ना-हरकत मागायला आला. त्याच आठवड्यात बहिणीचं रजिस्टर पत्र संस्थेला आलं. गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील म्हणाला, आधी भावंडांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणा. ते कोण देणार? बयाणा परत गेला, भावंडांचं बोलणं बंद झालं, फ्लॅट दोन वर्षं कुलूपबंद राहिला. थकबाकीची नोटीस त्या दारावर मीच चिकटवली. काकांनी पानभर मृत्युपत्र केलं असतं तर थोरल्यालाही फ्लॅट देता आला असता. तशी त्यांची इच्छा होतीही, असं काकू सांगतात. इच्छेला साक्षीदार लागतात.

आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. चांगली सोय आहे. पण परवा एकजण म्हणाला, “चौघांना वाटून टाकलं, मृत्युपत्राची कटकट गेली.” एकाऐवजी चार राखणदार नेमले, इतकंच.

दुसरी चूक माझ्या घरचीच. वडिलांनी मृत्युपत्र केलं, नेटकं, स्वतःच्या अक्षरात. साक्षीदार म्हणून सह्या केल्या त्यांच्या सकाळच्या फिरण्यातल्या दोन मित्रांनी. वडील अठ्ठ्याहत्तरचे, मित्र ऐंशीच्या पुढचे. वडिलांच्या आधीच दोघे गेले. माझ्या चुलत्यांनी हरकत घेतली आणि मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा साक्षीदाराची सही ओळखायला त्यांच्या मुलाला हुडकत मी चिपळूणपर्यंत गेलो. त्यात मूळ प्रत वडिलांच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये. लॉकरला नॉमिनी नाही. बँक म्हणे, लॉकर उघडायचा तर वारस असल्याचे कागद आणा. आणि आमचा मुख्य कागद तर लॉकरच्या आत! सात महिने गेले.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत. साक्षीदार आपल्यापेक्षा किमान पंधरा-वीस वर्षांनी लहान, पत्ता पक्का असलेले, आणि मृत्युपत्रात ज्यांना छदामही मिळणार नाही असे. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६३ नुसार साक्षीदार दोन हवेतच, आणि तुम्ही सही करताना त्यांनी ती पाहिलेली हवी, किंवा ‘ही माझीच सही’ असं तुमच्या तोंडून ऐकलेलं हवं. शेजाऱ्याकडे कागद पाठवून सही मागवणं, हे सर्रास चालतं आणि कोर्टात तिथेच फटका बसतो. मूळ प्रत कुठे आहे हे बायकोला आणि मुलीला तोंडी सांगून ठेवलंय. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत खाती, पॉलिसी, डिमॅट, फंड यांची वही काढतो आणि खोडाखोड करतो. पोर्टल नको, ॲप नको. दोनशे पानी वही.

व्हॉट्सॲपवर फिरणारा मृत्युपत्राचा नमुना भरून, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर छापून, नोटरीचा लाल शिक्का मारून आणणाऱ्यांना काय म्हणावं? मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागतच नाही, साधा कागद चालतो. नोटरी म्हणजे साक्षीदार नव्हे. नोंदणी सक्तीची नाही, पण मी दुय्यम निबंधकाकडे जाऊन करतोच. पुढे कुणी ‘सही त्यांची नाहीच’ म्हणालं तर सरकारी दप्तरात अंगठा-फोटो असतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. ७/१२ वर वारस नोंद झाली म्हणजे मालकी ठरली असं नाही. ती महसुलाची नोंद आहे, पण वेळेत करून घ्या. कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा दुसऱ्याला दिलेला अधिकार) देणाऱ्यासोबतच मरतं, त्यानंतर त्यावर केलेला व्यवहार अंगाशी येतो. वडिलोपार्जित शेत सगळंच्या सगळं मृत्युपत्राने देता येत नाही, फक्त आपला हिस्सा देता येतो. आणि ‘मुलीचं लग्नात दिलंय’ हा युक्तिवाद हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या बदलानंतर टिकत नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला तर बायको-मुलांच्या बरोबरीने त्याच्या आईलाही वाटा असतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या एकाच्या बायकोला हे माझ्याकडूनच कळलं, आणि सासू शेजारीच बसली होती. गोव्यातल्या नातेवाइकांना महाराष्ट्रातला नमुना पाठवू नका. तिथे अर्ध्या हिश्श्यावर वारसांचा राखीव हक्क आहे.

सगळ्यात धोक्याचा शॉर्टकट बक्षीसपत्राचा. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (शहरात वर अधिभार), म्हणून लोक जिवंतपणीच घर देऊन मोकळे होतात. मृत्युपत्र उद्या बदलता येतं, बक्षीसपत्र नाही. द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट त्या पत्रातच लिहून घ्या. मग मुलाने सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ चा आधार घेता येतो. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी ती अट घातली नाही, “पोटच्या पोराला अट कसली?” म्हणाल्या. आता आजी मुलीकडे असतात.

गेल्या महिन्यात एक तरुण आला. “काका, आईबाबांचं मृत्युपत्र अर्ध्या तासात होईल ना? गाडी लावून आलोय.” म्हटलं, आधी घरी जा, घर कुणाच्या नावावर, कर्ज किती, बहिणी किती, आजी हयात आहे का, एवढं लिहून आण. आणि येताना तू नको, त्यांना पाठव. अजून कुणी आलेलं नाही.