कॉम्प्युटरच्या कॅबिनेटबाबत या चुका टाळा

कॉम्प्युटर रुसला की संशय आधी रॅमवर जातो, मग एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर. पण सतत गरम होणं, चालू होऊन लगेच बंद पडणं, हात लावला की झिणझिण्या येणं, पुढचा यूएसबी न चालणं, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ कॅबिनेट बाहेरूनच नीट तपासलं की सापडतं.

हवेची वाट अडवू नका

हवा पुढून आत यावी, मागून आणि वरून बाहेर जावी. पुढे अखंड काच असलेली कॅबिनेट देखणी दिसते, पण तिच्यात हवा कडेच्या बारीक फटीतूनच ओढली जाते. नवीन घेताना पुढे जाळी असलेलीच घ्या. काचेची आधीच घेऊन झाली असेल तर एक चाचणी करा. जड गेम १५ मिनिटं चालवून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान लिहून ठेवा. मग पुढचं पॅनेल काढून तोच गेम तेवढाच वेळ चालवा. तापमान ५-७ अंशांनी उतरलं तर दोष पॅनेलचा आहे, प्रोसेसरचा महागडा कूलर घेऊन फारसा फरक पडणार नाही. पॅनेल काढताना खालच्या खाचेत बोटं घालून सावकाश ओढा. काही मॉडेलमध्ये बटणाच्या वायरी पॅनेललाच जोडलेल्या असतात, हिसका दिला की त्या निघून येतात.

पंखा उलटा बसलाय का, हे टिश्यूच्या कपट्याने कळतं. पुढच्या जाळीला तो चिकटला पाहिजे, मागच्या पंख्यासमोर उडाला पाहिजे. मोटर धरणाऱ्या दांड्या ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबू नका. मागे किमान १० सेंटिमीटर जागा सोडा आणि चालू असताना वर कापडी कव्हर टाकू नका. दसऱ्याला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू आणि अक्षता वरच्या जाळीवर वाहू नका, सगळं थेट मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर उतरतं. कुंकवाचं बोट पत्र्याच्या सपाट बाजूला लावा. जाळीचे धुळीचे फिल्टर महिन्याला धुवा आणि पावसाळ्यात ते पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

झिणझिण्यांकडे दुर्लक्ष नको

बॉडीला टेस्टर लावला की दिवा पेटतो, म्हणून लोक पायाखाली रबर अंथरतात. खरा दोष बहुतेक वेळा भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की तो किंचितसा करंट जमिनीत जातो. नसलं की बॉडीवर निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब राहतो. करंट फार कमी असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात, पण आतलं इन्सुलेशन बिघडलं तर हाच पत्रा पूर्ण फेज घेऊन बसेल.

थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन कधीही काढू नका. टू-पिन कन्व्हर्टर आणि अर्थिंग नसलेला एक्स्टेंशन बोर्ड आजच बदला. तरीही टेस्टर पेटला तर इलेक्ट्रिशियनकडून मीटरने मोजून घ्या. फेज-अर्थ २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट आलं, तर अर्थिंग जोडलेलं आहे.

पोर्ट आणि काच

ग्राफिक्स कार्ड असताना एचडीएमआय केबल मदरबोर्डला लावणं ही नेहमीची चूक. नेहमीच्या टॉवरमध्ये मदरबोर्डचे पोर्ट वर, उभ्या पट्टीत असतात. कार्डाचे त्याखाली आडव्या ओळीत असतात, केबल तिथेच लावा. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) निळ्या यूएसबी ३.० पोर्टच्या शेजारून काढून लांबच्या पोर्टला लावा. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो.

काचेचं साइड पॅनेल काढताना कॅबिनेट आडवी झोपवा, स्क्रू काढा आणि काच सरळ वर उचला. ती टॉवेलवर किंवा गादीवर ठेवा. टफन्ड काचेची कड फरशीला टेकली की अख्खी काच चुरा होऊ शकते.

सुरू होतो आणि चार सेकंदांत बंद पडतो

असं दर वेळी ठरल्यासारखं घडत असेल तर पॉवर बटण आत अडकलंय का ते बघा. बटण चार सेकंद दाबून ठेवलं की मदरबोर्ड सक्तीने बंद होतो आणि अडकलेलं बटण नेमकं तेच करतं. प्लग काढा, साइड पॅनेल उघडा आणि मदरबोर्डच्या खालच्या कडेला असलेल्या पिनांवरून पॉवर स्विचचा दोन तारांचा कनेक्टर ओढून काढा. प्लग लावून त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, शेजारच्या पिनांना लागू देऊ नका. मशीन सुरू होऊन चालू राहिली तर एसएमपीएस आणि मदरबोर्डवर खर्च करायची गरज नाही. प्लग पुन्हा काढून रीसेट स्विचचा कनेक्टर त्या पिनांवर बसवा. नवं बटण मिळेपर्यंत रीसेटनेच कॉम्प्युटर चालू करता येईल.