लॅटिन येत नसलं तरी मध्ययुगीन चर्चचं कॅलेंडर कसं वाचायचं

मध्ययुगातली लॅटिन हस्तलिखितं आता घरबसल्या फुकट बघता येतात, फ्रान्सच्या नॅशनल लायब्ररीची गॅलिका आहे, स्वित्झर्लंडची ई-कोडिसेस आहे, आणि लोक काय करतात तर सोनेरी चित्रं बघत बसतात आणि सुरुवातीची कॅलेंडरची पानं भराभर पुढे सरकवतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण लॅटिन न येणाऱ्याला अख्ख्या पोथीत नीट वाचता येईल असं तेच तर असतं.

एक पान झूम करून घ्या. बहुतेक वेळा एका पानावर एक महिना, वर के आणि एल ही अक्षरं मोठी रंगवलेली, म्हणजे कॅलेंडे, महिन्याची पहिली तारीख. खाली एकेका दिवसाची एकेक ओळ. डावीकडच्या पहिल्या रकान्यात १ ते १९ मधले रोमन आकडे, मधेमधे रिकामी जागा. दुसऱ्यात ए ते जी ही सात अक्षरं परत परत. मग रोमन तारीख, शेवटी त्या दिवसाच्या संताचं नाव. मोठा सण लाल शाईत, आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार लाल असतो ना तसा.

तारीख उलटी मोजायची, इथेच सगळे अडकतात. 'एप्रिलच्या कॅलेंडेआधी ११' म्हणजे २२ मार्च, कारण १ एप्रिल पहिला धरायचा, ३१ मार्च दुसरा, असं बोटांवर मागे यायचं. महिन्याच्या पूर्वार्धात हेच मोजणं नोन्स (५ किंवा ७ तारीख) आणि आयडस (१३ किंवा १५) यांच्यापासून.

आता पहिला रकाना, माझा सगळ्यात लाडका. १९ वर्षांत चंद्राचे २३५ महिने जवळजवळ बरोबर बसतात, म्हणजे १९ गुणिले बारा आणि वर ७, आपल्याकडे १९ वर्षांत साधारण ७ अधिक महिने येतात त्यामागे हेच गणित आहे. म्हणून प्रत्येक वर्षाला १ ते १९ मधला एक गोल्डन नंबर, आणि त्या वर्षी तो नंबर ज्या ज्या तारखेसमोर असेल तिथे नवा चंद्र. सनाला १९ ने भागा, बाकीत १ मिळवा.

११७० साल घेऊ. बाकी ११, म्हणजे नंबर १२. मार्चच्या पानावर १२ हा २२ तारखेसमोर दिसेल. तो दिवस पहिला धरून चौदावा येतो ४ एप्रिलला, ती पौर्णिमा. ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. आता दुसऱ्या रकान्यातली सात अक्षरं म्हणजे आठवड्याचे सात वार, एका वर्षात रविवार सगळे एकाच अक्षरासमोर येतात. त्या वर्षी रविवारचं अक्षर डी (लीप वर्षाला दोन अक्षरं असतात, फेब्रुवारीअखेर बदलतात), ४ एप्रिलसमोर सी, ५ समोर डी, म्हणजे ईस्टर ५ एप्रिलला, आकाशाकडे एकदाही न बघता! इंग्लंडमधल्या जॅरोच्या मठात बीडने ७२५ मध्ये हा हिशोब समजावणारा ग्रंथ लिहिला आणि पुढे कितीतरी शतकं मठांमधून तो शिकला गेला, कारण त्यांच्यासाठी खगोल आणि धर्म वेगळे नव्हतेच, ईस्टर चुकलं तर उपासापासून पुढचे सण सगळंच चुकणार.

हे जमलं की पोथी किती जुनी ते बघा. डिसेंबरचं पान, २९ तारीख. ११७० मध्ये याच दिवशी आर्चबिशप थॉमस बेकेटचा कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये खून झाला, ११७३ मध्ये त्याला संत घोषित केलं. नाव बाकीच्या नावांसारख्याच हातानं, त्याच शाईत असेल तर कॅलेंडर ११७३ नंतरचं. वेगळ्या हातानं नंतर घुसवलेलं असेल तर कॅलेंडर बहुधा त्याआधीचं. आणि नाव खरवडलेलं दिसलं तर पोथी १५३८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये असणार, कारण तेव्हा आठव्या हेन्रीनं हे नाव पुस्तकांतून काढायचा हुकूम दिला होता. ती ओळ नीट झूम करून बघा हं, काही पोथ्यांत नुसती एक बारीक रेघ मारून सोडलंय आणि खालचं नाव आजही सहज वाचता येतं.