बेस गिटारला कुठल्या तारा लावायच्या? आधी स्वतःचा हात बघा

दुकानात गेलं की आपण पहिल्यांदा ब्रँड विचारतो, खरंतर तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघा तुमचा हात कसा चालतो, बोटांनी वाजवता, पिकने (छोट्या चपट्या पट्टीने) की स्लॅप (अंगठ्याने तारेवर थाप मारून), आणि बँडमध्ये तुमचा आवाज कुठे बसायला हवाय, कारण सगळ्यात जास्त फरक पडतो तो तारेवर बाहेरून जी वायर गुंडाळलेली असते तिच्यामुळे.

ती वायर गोल असेल तर राउंडवाउंड. तारेवरून नख ओढून बघा, कंगव्याच्या दातांवरून फिरवल्यासारखं खर्रर्र होतं, आणि बोट सरकवताना तोच आवाज स्पीकरमधून पण येतो. नव्या असताना एकदम झणझणीत वाजतात, स्लॅप आणि रॉकवाल्यांनी इथूनच सुरुवात करावी. वायर चपट्या पट्टीसारखी असेल तर फ्लॅटवाउंड, नख अलगद घसरतं, आवाज जाड आणि गोल, नोट धुम् करून किक ड्रमला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) चिकटून बसते. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन 1962 च्या फेंडर प्रिसिजन बेसवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही, त्या दबक्या आवाजात किती गोडवा असतो ते त्याचं वाजवणं ऐकलं की कळतं. मी जुनी हिंदी गाणी करणाऱ्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, तिथे फ्लॅट लावल्यापासून अँपच्या ट्रेबलला हातच लावावा लागत नाही. फ्लॅट महाग पडतात पण वर्षानुवर्षं चालतात. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या नसलेला बेस असेल तर फ्लॅटच बघा, राउंडवाउंड फिंगरबोर्डाचं लाकूड हळूहळू खातात.

मग गेज, म्हणजे तारेची जाडी. 45-105 म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.045 इंच आणि सगळ्यात जाड ई ची तार 0.105 इंच, बहुतेक चार तारांच्या बेसना हाच सेट चालतो. बोटं लवकर दुखत असतील तर 40-100 घ्या, हात जड असेल किंवा ट्यूनिंग खाली उतरवत असाल तर 50-110, नाहीतर ई ची तार लोंबते आणि फ्रेटवर आपटते. गेज बदललं की नेकवरचा ताण बदलतो, त्यामुळे ट्रसरॉड (नेकचा बाक जुळवणारा आतला दांडा) परत बघावा लागतो, जाड तार नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत बसते का तेही तपासा. आणि स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत वाजणाऱ्या तारेची लांबी, नक्की विचारा, 34 इंची बेसचा सेट 30 इंची शॉर्ट स्केलला लावला तर तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तिथेच तुटायची भीती असते.

धातूचं थोडक्यात सांगतो: स्टेनलेस स्टील चकचकीत वाजतं पण बोटाला खरखरीत लागतं, निकेल प्लेटेड जरा मऊ आणि सगळीकडे खपणारं. आपल्याकडे मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाने तारा फार लवकर मरतात, म्हणून वाजवून झालं की सुक्या कापडाने खालून-वरून पुसा, हात फार घामेजत असतील तर कोटेड (वरून पातळ थर दिलेल्या) तारांना जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला, गेज तेच ठेवून फक्त फ्लॅट लावा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल. तारा काढायच्या आधी एकच लाईन मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग नव्या लावून दोन आठवड्यांनी तीच लाईन परत रेकॉर्ड करून ऐका, पहिल्या दिवशी राउंडवाउंडचा जो चकचकाट असतो त्यावर मत बनवू नका, तो उतरतोच. लावताना तारेचं टोक आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा, सरळ कापली तर वरची गुंडाळी आतल्या तारेवरून सुटू शकते आणि अख्खी तार मुकी होते.