वाढत्या लहान शहरातील हिंसक गुन्ह्यांचा कल कसा तपासावा

लहान शहर झपाट्याने वाढू लागले की ‘इथली गुन्हेगारी वाढली’ हे विधानही तितक्याच वेगाने पसरते. ते खरे असू शकते. परंतु ते पडताळल्याशिवाय स्वीकारले गेले, तर संशयाचा पहिला भार शहरात नव्याने आलेल्या माणसांवर पडतो आणि खरा धोका जिथे असतो तिकडे कोणाचे लक्षच जात नाही. म्हणून ही पडताळणी वार्ताहर, नगरसेवक आणि सजग नागरिक यांपैकी प्रत्येकाला करता आली पाहिजे. त्यासाठी किमान दहा वर्षांची वर्षवार आकडेवारी हाताशी असावी. दोन वर्षांची तुलना या कामी निरुपयोगी आहे.

प्रथम काय मोजायचे ते ठरवावे. खून, खुनाचा प्रयत्न, गंभीर दुखापत, बलात्कार, जबरी चोरी आणि दरोडा यांचे रकाने वेगवेगळे ठेवावेत आणि घरफोडी किंवा वाहनचोरी त्यांत मिसळू नये. एकत्रित बेरीज फसवी ठरते, कारण किरकोळ मारामाऱ्यांची संख्या मोठी असल्याने तिच्यातील चढउतार खुनांची वाढ किंवा घट सहज झाकून टाकतो. या सर्वांत खुनाचा आकडा सर्वाधिक भरवशाचा, कारण मृत्यू सहसा लपत नाही आणि आरोग्य विभागाच्या मृत्युनोंदींशी तो ताडून पाहता येतो.

त्यानंतर मोजणीचे नियम मधल्या काळात बदलले आहेत का, हे पाहावे. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका प्रकरणात अनेक गुन्हे असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो. त्यामुळे बलात्कारानंतर खून झाला असेल, तर ती नोंद खुनाखाली जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हिसकावून केलेल्या चोरीला तिच्यात स्वतंत्र कलम मिळाले, म्हणून त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे थेट जोडता येत नाहीत. अमेरिकेत एफबीआयने २०२१ मध्ये नवी नोंदपद्धत सक्तीची केली, तेव्हा अनेक पोलीस दलांची माहिती त्या वर्षी आलीच नाही. असा बदल सापडला की तक्त्यात त्या जागी ठळक उभी रेघ ओढावी.

वाढत्या शहराचा खरा पेच छेदाचा आहे. गुन्ह्यांचा दर दर लाख लोकसंख्येमागे काढतात आणि नेमकी तीच संख्या अशा शहरात सतत हलत असते. समजा, एका शहराची लोकसंख्या १,२०,००० असताना वर्षाला ६ खून होत होते आणि ती १,८०,००० झाल्यावर ८ होऊ लागले. खून एक तृतीयांशाने वाढले, पण दर ५ वरून सुमारे ४.४ वर आला. उलट, नव्या वर्षाच्या खुनांना जुन्या जनगणनेच्या लोकसंख्येने भागले, तर दर ६.७ येतो आणि शहर धोकादायक झाल्याचा भास निर्माण होतो. ही चूक सर्रास होते, विशेषतः जिथे जनगणना लांबलेली असते. दोन जनगणनांमधील अंदाज मिळत नसेल, तर मतदारयादी, वीजजोडण्या आणि शाळांची पटसंख्या यांवरून वाढीचा वेग तरी ताडून पाहावा.

हद्दवाढीकडे तर आवर्जून लक्ष द्यावे. शेजारची गावे शहरात आली की तिथले गुन्हेही शहराच्या नावावर चढतात, हिंसेत काडीचाही बदल झालेला नसताना. शिवाय पोलीस ठाण्याची हद्द आणि पालिकेची हद्द सहसा तंतोतंत जुळत नाही. तेव्हा गुन्हे ज्या हद्दीचे, लोकसंख्याही त्याच हद्दीची घ्यावी. कामासाठी दिवसा येणारे आणि रात्री परतणारे लोक छेदात धरलेले नसतात, पण त्यांच्याबाबत घडलेले गुन्हे अंशात असतात, हेही विसरू नये.

दुसरा पेच अंश लहान असण्याचा आहे. वर्षाला सरासरी ६ खून होणाऱ्या शहरात, परिस्थिती तीच असताना, एखाद्या वर्षी २ आणि दुसऱ्या वर्षी १० खून निव्वळ योगायोगाने होऊ शकतात. सरासरीच्या वर्गमुळाची दुप्पट, म्हणजे इथे सुमारे ५, इतका चढउतार दोन्ही बाजूंना स्वाभाविक मानावा. त्यामुळे ‘खून दुपटीने वाढले’ असे लिहिण्यापूर्वी तीन किंवा पाच वर्षांच्या सरासऱ्या शेजारी ठेवाव्यात आणि एकाच घटनेत अनेकांचा बळी गेला आहे का, ते पाहावे.

घडलेला गुन्हा आणि नोंदवलेला गुन्हा यांतील अंतर बलात्कार आणि घरातील मारहाण यांबाबत सर्वाधिक असते. नवे पोलीस ठाणे सुरू झाले किंवा तक्रार घेण्याची पद्धत सुधारली की नोंदी वाढतात, आणि ही वाढ चांगली खूणही असू शकते. अमेरिका आणि इंग्लंड यांसारख्या देशांत यासाठी नागरिकांना थेट विचारणारी सर्वेक्षणे होतात, पण लहान शहरापुरते निष्कर्ष त्यांतून क्वचितच निघतात. रुग्णालयात मारहाणीच्या जखमांसाठी आलेल्यांची संख्या मिळाल्यास ती पोलिसांच्या आकड्यांशेजारी मांडावी.

कल स्पष्ट झाला की आरोपी आणि बळी यांचे नाते आणि गुन्ह्याची जागा तपासावी. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालानुसार खून झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ५५ टक्के जोडीदाराकडून किंवा कुटुंबीयांकडून मारल्या जातात. पुरुषांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे. ‘बाहेरच्यांमुळे हिंसा वाढली’ म्हणणाऱ्याने हा रकाना आधी भरावा. जागेबाबत, अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोलिसांना आलेले निम्म्याहून अधिक कॉल केवळ तीन टक्क्यांच्या आसपास ठिकाणांहून आल्याचे दिसले. त्यामुळे संपूर्ण शहराचा एक दर काढून थांबू नये; घटना नकाशावर मांडाव्यात आणि वाढ सर्वत्र आहे की काही मोजक्या चौकांत, हे पाहावे.

शेवटच्या वर्षाचे आकडे मात्र कच्चे समजावेत. खुनाच्या प्रयत्नातील जखमी पुढे दगावल्यास कलम बदलते आणि तपासात काही संशयास्पद मृत्यू अपघात किंवा आत्महत्या ठरतात. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या तारखेला घेतला ते लिहावे आणि वर्षभराने तोच आकडा पुन्हा मागून दुरुस्त करावा.